लांब धनुष्य आणि रविवारची हजेरी



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत नव्यानं आलेल्या सूनबाईनं मला विचारलं, "ताई, आठवड्याला पन्नास रुपये भरायचे. एवढ्यानं काय होणार हो?" मी नेहमीचा हिशेब मांडला. पन्नास रुपये, बावन्न आठवडे, म्हणजे एकीचे वर्षाला २६०० रुपये. दहा जणींचे २६ हजार. तिनं मान हलवली, पण तिला पटलेलं नव्हतं हे दिसतच होतं. शेजारी बसलेल्या मावशी तिला म्हणाल्या, "अगं, दिसत नाही म्हणून साठत नाही असं नसतं."

एसटीत बसल्यावर मावशींचं वाक्य डोक्यात घोळत राहिलं. आणि मला आठवले समुद्राच्या तळाशी सापडलेले काही सांगाडे. बी.ए.ला इतिहास घेतला होता, तेव्हा इंग्लंडच्या लढायांच्या सनावळ्या पाठ केल्या होत्या. सांगाड्यांबद्दल मात्र नंतर वाचलं, आणि सनावळ्यांपेक्षा तेच जास्त लक्षात राहिलं. आज त्यांचीच गोष्ट सांगते. गोष्ट इंग्लंडची आहे, लढाईची आहे, आणि पुरुषांची आहे. तरीही ती आपल्या कामाची आहे. का ते शेवटी सांगते.

१९ जुलै १५४५. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट्समथ बंदराजवळ राजा आठवा हेन्री किनाऱ्यावरून बघत होता आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं 'मेरी रोझ' नावाचं लढाऊ जहाज कलंडलं आणि बुडालं. जहाजावर चारशेहून जास्त माणसं होती. शत्रूनं वर चढू नये म्हणून डेकवर जाळी बांधलेली होती. त्या जाळीतच बहुतेक जण अडकले. मोजकेच वाचले.

जहाजाचा निम्मा भाग चिखलात रुतून राहिला आणि चिखलानं तो सांभाळला. ११ ऑक्टोबर १९८२ ला, म्हणजे ४३७ वर्षांनी, तो सांगाडा पाण्याबाहेर काढला गेला. आत तोफा होत्या, ताटल्या होत्या, फण्या होत्या, चपला होत्या. आणि धनुष्यं होती. जहाजाच्या सामानाच्या यादीत २५० धनुष्यांची नोंद आहे. त्यातली १७२ सापडली. शिवाय हजारो बाण. तोवर इंग्लंडच्या या प्रसिद्ध युद्धधनुष्याबद्दल पुस्तकांत खूप लिहिलं गेलं होतं, पण खरी धनुष्यं फारच थोडी उरली होती. लाकूडच ते. वापरून मोडलं, की चुलीत गेलं.

हे धनुष्य दिसायला अगदी साधं. सहा ते सात फुटांची काठी, म्हणजे धरणाऱ्या माणसापेक्षा उंच. म्हणून त्याला लांब धनुष्य म्हणतात. मधे जाड, दोन्ही टोकांना निमुळतं. टोकांवर शिंगाच्या टोप्या, त्यांच्या खाचेत दोरी अडकवायची. दोरी भांगेच्या किंवा जवसाच्या झाडाच्या धाग्याची. चाक नाही, कळ नाही, नेम धरायला काही साधन नाही.

पण काठी कोणत्याही झाडाची चालत नसे. सगळ्यात उत्तम 'यू' नावाच्या झाडाची. या झाडाचा एक भाऊबंद आपल्या हिमालयात आहे, गढवाल-कुमाऊंकडे त्याला थुनेर म्हणतात. यूच्या लाकडाला दोन थर असतात. सालीखालचं लाकूड पांढरट आणि ताण सहन करणारं. आतला गाभा तांबूस आणि दाब सहन करणारा. कारागीर काठी अशी कापत, की पांढरा थर पुढच्या बाजूला आणि गाभा तिरंदाजाच्या अंगाकडे येईल. दोरी ओढली की पुढची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. सोडली की दोन्ही थर जागेवर यायला धावतात. एकाच झाडात निसर्गानं दोन लाकडं जोडून दिलेली, असं समजा.

इंग्लंडमध्ये चांगलं यू पुरेना. तेव्हा राजांनी व्यापाऱ्यांवर अट घातली. १४७२ मध्ये कायदा झाला, की परदेशातून येणाऱ्या जहाजांनी मालाच्या दर मोठ्या पिंपामागे धनुष्याच्या चार काठ्या आणल्याच पाहिजेत. १४८४ मध्ये गोड दारूच्या दर पिंपामागे दहा काठ्या अशी अट आली. दारू हवी तर लाकूड आणा, असा सरळ व्यवहार.

आता हे धनुष्य ओढायचं कसं ते सांगते. घरात असाल तर हातातलं काम बाजूला ठेवून उभ्या राहा आणि करून बघा. इंग्लंडमध्ये रॉजर ॲशम नावाचे शिक्षक होते. पुढे ते राजकन्या एलिझाबेथचेही शिक्षक झाले. 'मेरी रोझ' बुडालं त्याच वर्षी, १५४५ मध्ये, त्यांनी तिरंदाजीवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी पाच गोष्टी सांगितल्या: उभं राहणं, बाण दोरीला लावणं, ओढणं, धरणं आणि सोडणं.

पहिलं, उभं राहणं. लक्ष्याकडे डावा खांदा करा, तोंड करू नका. दोन्ही पाय जमिनीत रोवा, कावड खांद्यावर घेताना रोवतो तसे. दुसरं, बाण लावणं. बाणाच्या मागच्या टोकाला खाच असते, ती दोरीवर बसवायची. बाणाला तीन पिसं असतात. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं ठेवायची पद्धत होती, म्हणजे नजर न टाकताही बाण सरळ बसला की नाही ते कळे. दोरी उजव्या हाताच्या तीन बोटांनी धरायची, अंगठ्याच्या शेजारच्या तीन. अंगठा दोरीला लागत नाही. आपल्या एकलव्याच्या गोष्टीत गुरूंनी अंगठा मागितला, कारण अंगठ्यानं दोरी ओढायची रीतही जगात आहे, आणि आपल्याकडच्या जुन्या धनुर्धरांच्या अंगठ्यात घालायच्या कड्या आजही संग्रहालयांत दिसतात. इंग्लंडची रीत मात्र तीन बोटांची.

तिसरं, ओढणं. खरी गोम इथं आहे. आपल्याला वाटतं, डावा हात पुढे ताठ धरायचा आणि उजव्या हातानं दोरी मागे खेचायची. तसं केलं तर हे धनुष्य वाकतच नाही. 'मेरी रोझ'वरच्या धनुष्यांवरून नवी धनुष्यं करून पाहिली गेली, हिशेब मांडले गेले. बहुतेकांना पूर्ण ओढायला ४५ किलोंपासून ८० किलोंपर्यंत जोर लागला असावा असं निघालं. आज ऑलिंपिकमध्ये मुली जे धनुष्य वापरतात ते साधारण वीस किलोंचं. आपल्याकडे सिमेंटचं पोतं ५० किलोंचं असतं. म्हणजे जवळपास सिमेंटच्या पोत्याएवढं किंवा त्याहून जास्त वजन तीन बोटांवर घ्यायचं, कानापर्यंत ओढायचं, सोडायचं, आणि लगेच पुन्हा.

मग ते कसं जमायचं? याचं उत्तर ह्यू लॅटिमर नावाच्या धर्मगुरूंनी सांगून ठेवलं आहे. ते एका शेतकऱ्याचे मुलगे. १५४९ मध्ये राजासमोर प्रवचन करताना त्यांनी आपल्या लहानपणाची आठवण सांगितली. वडिलांनी त्यांना शिकवलं होतं, की नुसत्या दंडाच्या जोरानं ओढू नकोस, सगळं अंग धनुष्यात घाल. म्हणजे पाठ, खांदे, कंबर सगळं वापरायचं. उजव्या हातानं खेचण्याइतकंच डाव्या खांद्यानं धनुष्याला पुढे ढकलायचं. आपण विहिरीतून भरलेली घागर शेंदतो तेव्हा नुसत्या मनगटानं शेंदत नाही, पाठ लावतो. तसंच हे.

लॅटिमर आणखी एक सांगतात. त्यांचं वय आणि ताकद वाढेल तसतशी वडील त्यांना मोठी धनुष्यं आणून देत. पहिल्याच दिवशी मोठं धनुष्य हातात दिलं जात नसे. आधी हलकं, मग जरा भारी, मग आणखी भारी. वाढत्या अंगाच्या पोराला दरवर्षी नवा सदरा शिवावा तसं.

चौथं, धरणं. हे अगदी क्षणभर. नेम धरून थांबायला वेळ नसतो, जास्त वेळ ताणून धरलं तर हात थरथरतो आणि लाकूडही शिणतं. पाचवं, सोडणं. बोटं अलगद उघडायची, धक्का न देता. बाण निघताना माशासारखा वळवळतो, धनुष्याच्या कडेनं वळसा घेतो आणि मग सरळ होतो. दोरी डाव्या हाताला झोडपू नये म्हणून मनगटावर चामड्याची पट्टी बांधत. अशा पट्ट्याही 'मेरी रोझ'वर सापडल्या. चोवीस भोकांची चामड्याची गोल चकतीही सापडली. एका जुडीत चोवीस बाण असत. ते या भोकांतून घातले, की एकमेकांना घासून पिसं खराब होत नसत. काम झालं की दोरी उतरवून ठेवायची. सदा ताणलेलं धनुष्य लवकर निकामी होतं.

हे पाच शब्द मी पाच मिनिटांत सांगितले. अंगात यायला दहा वर्षं लागत. म्हणून इंग्लंडच्या राजांना एक प्रश्न होता. धनुष्य विकत घेता येतं, बाण विकत घेता येतात, पण दहा वर्षं ओढलेला खांदा कुठल्याच बाजारात मिळत नाही. तो आधीपासून साठवावा लागतो.

मुळात लांब धनुष्यात वाकबगार होती ती वेल्समधली माणसं. वेल्स म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख. गेराल्ड नावाच्या धर्मगुरूंनी ११८८ मध्ये तिथं प्रवास केला. तिथले तिरंदाज एल्मच्या ओबडधोबड लाकडाची धनुष्यं वापरत, आणि त्यांचे बाण जवळपास तळहाताच्या रुंदीइतक्या जाड ओकच्या दरवाजातून पार गेले होते, असं त्यांनी लिहून ठेवलं. पुढे पहिल्या एडवर्ड राजानं वेल्स जिंकलं, आणि ज्यांना हरवलं त्याच वेल्सच्या तिरंदाजांना पगारावर आपल्या फौजेत घेतलं.

मग फ्रान्सशी शंभर वर्षांचं युद्ध सुरू झालं. १३४६ मध्ये क्रेसीच्या लढाईत आणि १३५६ मध्ये प्वातिएच्या लढाईत इंग्लंडच्या तिरंदाजांनी मोठमोठ्या सरदारांच्या फौजा मोडल्या. त्यानंतर १३६३ मध्ये तिसऱ्या एडवर्ड राजानं हुकूम काढला: सणासुदीला आणि सुट्टीच्या दिवशी प्रत्येक धडधाकट माणसानं धनुष्यबाणाचा सराव करायचा. फुटबॉल, हाताचा चेंडू, दगडफेक, कोंबड्यांच्या झुंजी बंद. खेळाल तर कैदेत जाल. आठव्या हेन्रीच्या काळातला कायदा तर घरात शिरला: ज्याच्या घरी सात ते सतरा वर्षांचा मुलगा आहे त्यानं त्याच्यासाठी एक धनुष्य आणि दोन बाण ठेवायचे. चोविशी ओलांडलेल्या माणसानं २२० यार्डांपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे मीटरपेक्षा, जवळच्या खुणेवर नेम धरायचा नाही. जवळचा नेम पोरांचा.

गावोगावी मातीचे उंचवटे केलेले असत. त्यांना 'बट्स' म्हणत. रविवारी चर्च सुटलं, की बाप्ये आणि पोरं तिकडे. आजही इंग्लंडच्या कित्येक गावांत त्या नावाच्या गल्ल्या आहेत. त्या गल्ल्यांत आता बाण सुटत नाहीत, पण नाव राहिलं.

आणि बायका? सरावाच्या मैदानावर त्यांची नोंद नाही. पण बाणाची पिसं बघा. ती हंसाच्या जातीच्या पाळीव बदकाची, ज्याला तिकडे 'गूस' म्हणतात. पाचव्या हेन्री राजानं १४१७ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना कळवलं, की गावोगावच्या गूसच्या पंखातली सहा-सहा पिसं गोळा करा. पुढच्या वर्षीची मागणी ११ लाख ९० हजार पिसांची होती. जरा हिशेब करू, तो आपल्याला येतो. एका बाणाला तीन पिसं. म्हणजे साधारण चार लाख बाण. पाच हजार तिरंदाज धरले तर एकेकाला ऐंशी. सरावलेला माणूस मिनिटाला दहा बाण सोडू शके असं म्हणतात. म्हणजे बारा लाख पिसं आठ मिनिटांत हवेत. त्या काळात गावाकडच्या घरात कोंबड्या-बदकं बघणं आणि सूत कातणं ही बायकांची कामं. राजाच्या कागदावर पिसांचा आकडा आहे. ती पाळली कुणी, तो रकाना नाही.

आता सगळ्यात गाजलेली लढाई. २५ ऑक्टोबर १४१५, फ्रान्समधलं अझँकूर. पाचवा हेन्री राजा ऑगस्टमध्ये समुद्र ओलांडून आला होता. एका शहराला वेढा घालून बसला तेव्हा हगवणीनं त्याची पुष्कळ माणसं मेली, पुष्कळ परत पाठवावी लागली. उरलेली फौज भिजत, उपाशीतापाशी चालत होती. तिच्यात बहुसंख्य तिरंदाज, साधारण पाच हजार. तिरंदाजाचा रोज सहा पेनी. चिलखतवाल्या शिपायाचा बारा पेनी, बरोबर दुप्पट. समोर फ्रान्सची कितीतरी मोठी फौज.

रात्रभर पाऊस पडला होता. नांगरलेल्या रानात चिखल झालेला. तुम्हाला सांगायला नको, नांगरलेल्या काळ्या रानात पावसानंतर पाय कसा रुततो. तिरंदाजांनी पुढ्यात टोकदार खुंट ठोकले, घोडे अंगावर येऊ नयेत म्हणून. मग बाण सुटले. चांगल्या चिलखतातून बाण दरवेळी जाई असं नाही. पण घोडे जखमी होऊन उधळले आणि आपल्याच माणसांत घुसले. मागून येणारे चिलखतवाले बाणांच्या माऱ्यात मान खाली घालून, गुडघाभर चिखलातून, दाटीवाटीत पुढे सरकले आणि दमले. बाण संपल्यावर तिरंदाजांनी धनुष्यं टाकली, कुऱ्हाडी आणि खुंट ठोकायचे हातोडे उचलले. फ्रान्सचे हजारो लोक पडले. पुढे, पुन्हा हल्ला होईल या भीतीनं, राजानं हाती आलेल्या कैद्यांना मारायचा हुकूम दिला. हेही सांगायला हवं. विजयाची गोष्ट सांगताना लोक हा भाग गाळतात.

त्या दिवशी तिरंदाजांना भीती कसली होती? सरदार पकडला गेला तर त्याला मारत नसत. त्याच्या घरून खंडणी मिळे. सहा पेनीच्या माणसासाठी खंडणी कोण देणार? म्हणून पकडला गेला की तो मेलाच. हेन्रीनं लढाईआधी आपल्या तिरंदाजांना सांगितलं होतं म्हणे, की फ्रेंच तुमच्या उजव्या हाताची तीन बोटं तोडणार आहेत. तीच ती दोरी ओढायची तीन बोटं. दोन बोटं वर करून दाखवायची खूण तिथून आली अशीही एक गोष्ट फिरते, पण तिला त्या काळातला काही आधार नाही.

लंडनमध्ये राजाचं जंगी स्वागत झालं. अझँकूर म्हटलं की आजही नाव येतं ते हेन्रीचं.

पण हा जोर कायमचा नव्हता. चौदा वर्षांनी फ्रान्सच्या बाजूनं एक सतरा-अठरा वर्षांची शेतकऱ्याची पोर उभी राहिली. जोन ऑफ आर्क. ७ मे १४२९ ला ऑर्लेआँच्या लढाईत तिच्या मान आणि खांद्यामध्ये बाण घुसला. त्याच दिवशी ती पुन्हा उभी राहिली आणि तिच्या माणसांनी तो बुरूज घेतला. पुढच्या महिन्यात, १८ जूनला, पाते इथं इंग्लंडच्या तिरंदाजांना खुंट ठोकायला वेळच मिळाला नाही. फ्रेंच घोडदळ आधीच येऊन आदळलं. इंग्लंडचे सेनापती पकडले गेले आणि जिवंत राहिले. साधे तिरंदाज मारले गेले.

आणि १४६१ मध्ये तर इंग्रजांचेच बाण इंग्रजांवर चालले. राजगादी कुणाची यावरून दोन घराण्यांचं भांडण. टाउटन इथं, २९ मार्चला, बर्फ पडत असताना दोन्हीकडचे तिरंदाज समोरासमोर आले. एका बाजूला वारा पाठीशी होता, त्यांचे बाण पोहोचले. दुसऱ्या बाजूचे अलीकडेच पडले. गावच्या उंचवट्यावर शेजारी-शेजारी शिकलेली विद्या, शेवटी एकमेकांवर.

मग बंदुका आल्या. सुरुवातीच्या बंदुका धनुष्यापेक्षा हळू होत्या, नेमही धड लागत नसे. तरी त्या जिंकल्या. कारण बंदूक चालवायला माणूस काही आठवड्यांत तयार होई, आणि तिरंदाज तयार व्हायला बालपण लागे. लॅटिमर आणि ॲशम दोघंही कुरकुर करतात, की पोरं आता सराव करत नाहीत. १५९५ मध्ये सरकारनं आपल्या शिबंदीत धनुष्याऐवजी बंदुका घ्यायला सांगितलं. सरावाचे रविवार थांबले, आणि तीनशे वर्षांची ताकद एक-दोन पिढ्यांत विरून गेली. धनुष्य तेच होतं. ओढणारा खांदा राहिला नव्हता.

आता परत 'मेरी रोझ'च्या सांगाड्यांकडे येते. तज्ज्ञांनी हाडं तपासली. आपल्या खांद्याच्या फऱ्याच्या टोकाला एक छोटं हाड असतं. मूल मोठं होताना ते मुख्य हाडाशी जुळून येतं. 'मेरी रोझ'वरच्या बऱ्याच माणसांत ते जुळलेलंच नव्हतं, नेहमी आढळतं त्याहून कितीतरी जास्त जणांत. काहींच्या पाठीचे मणके आणि खांदे पिळवटल्यासारखे बदललेले. हाड वाढत असतानाच त्याच्यावर सतत ताण पडला, म्हणजे ही माणसं लहानपणापासून भारी धनुष्य ओढत असणार, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. १९९६ मध्ये टाउटनजवळ बांधकामाच्या वेळी एक सामुदायिक कबर सापडली. तिथल्या काही हाडांवरही अशाच खुणा दिसल्या.

त्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत. पण सात वर्षांच्या पोरानं चर्च सुटल्यावर ओढलेला पहिला बाण, पुढचा रविवार, त्याच्या पुढचा रविवार, अशी प्रत्येक हजेरी त्यांच्या हाडांत लागलेली आहे. मावशींचं वाक्य मला इथं आठवलं. दिसत नव्हतं म्हणून साठत नव्हतं असं नाही.

इथंच गोष्ट संपवली असती, तर मी त्या सूनबाईला सांगितलं असतं, "बघ, थोडं थोडं केलं की केवढं होतं." पण मला ते अर्धं खरं वाटतं. त्या तिरंदाजांनी आयुष्यभर हप्ता भरला. वसूल कुणी केला? राजानं. नाव कुणाचं झालं? राजाचं. त्यांच्या वाट्याला सहा पेनी आणि वाकडा खांदा आला. थोडं थोडं साठतं हे खरंच आहे. पण ते कुणाच्या नावावर साठतं, हे विचारलं पाहिजे.

माझ्या आजीचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता. मान कायम जराशी पुढे. आम्ही पोरी तिची नक्कल करायचो. पहाटे जातं, मग दोन हंडे डोक्यावर आणि एक कमरेवर, पाण्याच्या तीन खेपा, मग रान. साठ वर्षं. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, कुठल्या पासबुकावरही नव्हतं. तिच्या कष्टांची सगळी नोंद तिच्या त्या खांद्यात होती, आणि आम्हाला ती हसायची गोष्ट वाटत होती. मला आज त्याची लाज वाटते.

लांब धनुष्याची गोष्ट मात्र तिथंच थांबली नाही, हे सांगून आवरतं घेते. लढाईतून गेल्यावर ते खेळात आलं, हलकं झालं, आणि तेव्हा बायकांच्या हातात आलं. १७८७ मध्ये वेल्सच्या सीमेवर 'रॉयल ब्रिटिश बोमेन' नावाचं मंडळ निघालं, त्यात बायकांना सभासद करून घेतलं. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बायकांची तिरंदाजी झाली. पायघोळ झगे, डोक्यावर टोप्या. १४४ बाण सोडायचे होते, साठ आणि पन्नास यार्डांवरून. सोनं जिंकलं क्वीनी न्यूऑल नावाच्या बाईंनी. त्यांचं वय तेव्हा ५३ होतं. ऑलिंपिकच्या वैयक्तिक तिरंदाजीत त्याहून मोठ्या वयाची सुवर्णविजेती स्त्री अजून झालेली नाही. आपल्याकडे त्रेपन्नाव्या वर्षी बाईला म्हणतात, आता देवाचं नाव घे. त्यांनी नेम घेतला, आणि विजेत्यांच्या यादीत त्यांचं नाव त्यांच्याच नावानं लागलं.

पुढच्या बैठकीत मी त्या सूनबाईला हे सांगणार आहे. तुझे पन्नास रुपये एका आठवड्यात कुठं दिसणार नाहीत. पण ते तुझ्या नावापुढे लिहिले जातात. रजिस्टर तुला वाचता येतं, बेरीज तुला तपासता येते, कर्ज तुला मागता येतं. त्या तिरंदाजाला हे कधीच मिळालं नाही, माझ्या आजीलाही नाही.

आणि तुम्हाला एकच विनंती. आज संध्याकाळी घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या खांद्यावर तेल लावायच्या निमित्तानं हात ठेवा. कुठला खांदा खाली आहे ते बघा, आणि तो तसा कशानं झाला ते तिला विचारा. ती सांगेल ते वहीत लिहून ठेवा, तारीख घालून.